नव्वद दिवसांची मुदत

भाडं थकलंय, हे आत्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाला नाही, सोलापुरातच विजापूर रोडला राहणाऱ्या मलाही नाही. उत्तर कसब्यातल्या ज्या वाड्यात ती लग्न होऊन आली आणि जिथे तिचे केस पिकले, त्या वाड्याच्या मालकांशीही तिने तो विषय काढला नव्हता. मालक अंगणात दिसले की ती आतल्या खोलीत जाई. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. येतं त्या दिवशी सगळा वाडा अंगणातल्या नळावर घागरी-बादल्या घेऊन जमतो. आत्या तिथे सगळ्यांचं भरून झाल्यावर, धार बारीक होत आली की जाऊ लागली. मालकीणबाईंची गाठ पडू नये एवढाच त्यामागचा हेतू.

मला कळलं ते बेलिफामुळे. गड्ड्याच्या यात्रेचे दिवस होते. संक्रांतीच्या शेंगांच्या पोळ्या द्यायला मी तिच्याकडे गेले होते आणि दारात कोर्टाचा माणूस येऊन उभा राहिला. त्याने आत्याचं आणि तिच्या मुलाचं नाव वाचलं. पुढे शब्द होते, 'मयत भाडेकरूचे वारस'. आतोबांना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. आत्याने समन्सवर सही केली, एकेक अक्षर सुटं काढून, शाळेत काढावं तसं. बेलिफ गेल्यावर तिने पलंगाखालची ट्रंक ओढली, नऊवारी लुगड्यांच्या खालून एक लांब पाकीट काढलं आणि माझ्या हातात दिलं. मालकांच्या वकिलांची रजिस्टर पोस्टाने आलेली नोटीस. मी आधी तारीख पाहिली. ऑगस्टमधली.

"उत्तर दिलंस का याला?"

"काय उत्तर द्यायचं? पैसे तर देणं आहेच ना."

या वाक्यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. आपण देणं लागतो म्हणजे आपल्याला बोलण्याचा हक्क उरलेला नाही, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. आतोबा लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये कामाला होते. नव्वदच्या दशकात मिल बंद पडली, तेव्हाही त्यांनी अक्कलकोट रोडच्या टॉवेलच्या कारखान्यात पाळी धरून भाडं वेळेवर पोचवलं होतं. पगारातून पहिली पुडी भाड्याची निघायची. मग त्यांचं आजारपण आलं, दवाखाना आला, आणि एका जूनपासून ती पुडी औषधांच्या दुकानात जाऊ लागली. आतोबा गेल्यावर आत्या कडक भाकरी करून विकू लागली. त्यावर तिचं पोट भरत होतं, पण मागची बाकी फिटण्यासारखी नव्हती. ज्या घराने कधी कुणाचे चार आणे ठेवले नाहीत, त्या घराला थकबाकी ही आजारासारखी लपवावी वाटते. आमच्या सगळ्या नात्यात हा स्वभाव आहे आणि तो मला आता घातक वाटतो.

कारण कायदा तसा विचार करत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९, हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम १५ मध्ये थकलेल्या भाडेकरूबद्दल जे लिहिलंय ते मी त्या रात्री पहिल्यांदा नीट वाचलं. भाडेकरू ठरलेलं भाडं देतोय किंवा द्यायला तयार आहे, तोवर मालकाला कब्जा मागता येत नाही. भाडं थकलं म्हणून दावा लावायचा तर आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि ती मिळाल्यापासून नव्वद दिवस थांबावं लागतं. त्या नव्वद दिवसांत सगळी बाकी चुकती केली, तर थकबाकीच्या कारणावर दावा उभाच राहत नाही. आणि ती मुदत निघून गेली, दावा लागला, समन्स आलं, तरी कायदा पुन्हा एकदा थांबतो. समन्स मिळाल्यापासून आणखी नव्वद दिवस. तेवढ्यात सगळी बाकी, कायद्याने झालेली वाढ आणि बाकीवर द.सा.द.शे. १५ टक्के सरळ व्याज कोर्टात भरायचं, पुढे दावा संपेपर्यंत दर महिन्याचं भाडं न चुकता भरत राहायचं, आणि कोर्ट सांगेल तो दाव्याचा खर्च द्यायचा. हे सगळं केलं तर थकबाकीसाठी घर खाली करण्याचा हुकूम कोर्टाला देता येत नाही.

दोनदा नव्वद दिवस. १९४७ च्या जुन्या मुंबई भाडे कायद्यात नोटिशीची मुदत एक महिन्याची होती. नव्या कायद्याने ती तिप्पट केली. ज्यांनी ती केली त्यांना माहीत असणार की गरिबाच्या घरात पैसा एका महिन्यात उभा राहत नाही. भिशी लागावी लागते, मुलाचा बोनस यावा लागतो, एखादं मंगळसूत्र गहाण टाकायला मनाची तयारी व्हावी लागते. आत्याची पहिली मुदत मात्र ट्रंकेत, लुगड्यांखाली संपून गेली होती. पैसे उभे राहिले असते. मुलगा पुण्याहून त्याच आठवड्यात आला आणि त्याने पहिलं विचारलं ते हेच, "आई, मला फोन का नाही केलास?" आत्या काही बोलली नाही. भाकरीच्या पिठाला हात लावून ती चुलीपाशी बसून राहिली.

काही लोक पाकीटच घेत नाहीत. पोस्टमनला 'घेण्यास नकार' असा शेरा मारायला लावतात आणि सुटलो म्हणतात. तसं सुटता येत नाही. बरोबर पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवलेलं पाकीट नाकारलं, तरी ते मिळालं असंच कोर्ट सहसा धरून चालतं, आणि दिवस मोजायला सुरुवात होते. हे मी मुद्दाम सांगते, कारण आत्याच्याच वाड्यातल्या दोन शहाण्या माणसांनी आत्याला "घेतलंसच कशाला ते?" असं सुनावलं होतं.

बाई म्हणून आत्याला सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क होता. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७, स्त्रियांना हा हक्क देताना त्यांचं उत्पन्न विचारत नाही. कोर्टाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. तिथे अर्ज केला आणि तिला वकीलबाई मिळाल्या. त्यांनी वकीलपत्रावर सही घेतली आणि सांगितलं, "कैफियत आपण देऊच. पण आधी पैसे. एक रुपयासुद्धा कमी पडता कामा नये." थकबाकीच्या दाव्यात अशी कितीतरी घरं गेली आहेत, जिथे भाडेकरूने मूळ रक्कम भरली, व्याज विसरला, किंवा सगळं भरलं आणि पुढचे तीन महिने भरायचं राहून गेलं. कायद्याने दिलेली सवलत कायद्याने सांगितल्याप्रमाणेच घ्यावी लागते.

हिशेब मी केला. बँकेतल्या नोकरीत आकड्यांशी रोजचा संबंध, तरी हा हिशेब करताना हात जड झाला. भाडं महिना ६०० रुपये. कोर्टात भरायच्या दिवसापर्यंत वीस महिने थकलेले, म्हणजे १२,००० रुपये. वर्षाला १५ टक्के म्हणजे महिन्याला सव्वा टक्का. ६०० रुपयांवर साडेसात रुपये. सगळ्यात जुन्या महिन्यावर वीस महिन्यांचं व्याज, त्याच्या पुढच्यावर एकोणीस महिन्यांचं, अशी शेवटच्या महिन्यापर्यंत उतरंड. ती बेरीज १,५७५ रुपये झाली. एकूण १३,५७५. एवढ्या रकमेसाठी ती सहा महिने नळावर शेवटी गेली होती.

मालकांची बाजू मी विसरलेली नाही. शहराच्या मध्यावरच्या वाड्यातल्या खोलीचं भाडं ६०० रुपये हे आजच्या काळात काहीच नाही. १९४७ च्या कायद्याने अनेक जुन्या घरांचं भाडं १ सप्टेंबर १९४० च्या दरापाशी बांधून टाकलं, आणि पिढ्यान् पिढ्या ते तिथेच राहिलं. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या प्रकरणात सांगितलं, की भाडं असं गोठवून ठेवणं आता अन्यायाचं झालं आहे. नवा कायदा येण्यामागे तो निकाल आहे. नव्या कायद्याने मालकाला वर्षाला चार टक्के वाढ दिली. आत्याच्या मालकांनी ती मागितलीसुद्धा नव्हती. वडिलांच्या वेळचे भाडेकरू, कसं मागायचं, असं म्हणत राहिले. एका घरात मागण्याचा संकोच आणि दुसऱ्या घरात देता येत नाही याचा. मधलं अंगण तेवढंच, पण दोन्ही घरांचा आवाज त्या अंगणात कधी पोचला नाही. शेवटी मालकांच्या मुलाने वकील गाठला. त्याला खोली मोकळी करून हवी होती, वाडा पाडून बांधायचा होता, आणि थकबाकी हे सगळ्यात सोपं कारण हाताशी होतं. त्याच्या जागी मी असते तर मलाही तोच सल्ला मिळाला असता.

आत्याकडेही एक कारण होतं, जे तिने मला फार उशिरा सांगितलं. तिच्या खोलीचं माळवद गळत होतं. दर पावसाळ्याआधी माळवदावर पांढरी माती पसरावी लागते, चोपावी लागते. मालकांनी काही वर्षं ती टाकलीच नव्हती. मृगाच्या पावसात तिच्या देवघरासमोर पातेलं ठेवावं लागायचं. "गळक्या घराचं भाडं कशाला द्यायचं," असं आतोबा आजारपणात एकदा चिडून म्हणाले होते, आणि तो शब्द तिने धरून ठेवला होता. माणूस म्हणून मला तो राग पटतो. कायद्यात मात्र त्याला जागा नाही. दुरुस्ती मालकाचं काम आहे हे कलम १४ सांगतं. मालक करत नसेल तर भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची नोटीस पोस्टाने द्यायची, मग स्वतः दुरुस्ती करून घ्यायची आणि तो खर्च भाड्यातून वळता करायचा. पण एका वर्षात वळता करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्श्यापेक्षा जास्त नको. म्हणजे हक्क आहे, त्याला रस्ताही आहे, आणि तो रस्ता कागदावरून जातो. गप्प राहून भाडं थांबवलं की हक्काचा मुद्दाही थकबाकीदाराच्या सबबीसारखा दिसू लागतो.

त्या दिवसांत मी मॅथ्यू डेसमंड यांचं 'इव्हिक्टेड' हे पुस्तक वाचत होते. २०१६ मध्ये आलेलं, अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातल्या भाडेकरूंवरचं. तिथे भाडं थकलं की भरा नाहीतर घर सोडा अशी नोटीस येते, आणि तिची मुदत असते पाच दिवसांची. डेसमंड लिहितात की बोलावलेल्या भाडेकरूंपैकी सुमारे सत्तर टक्के कोर्टात येतच नाहीत. कुणाला कामावरून रजा नाही, कुणाच्या मुलांना सांभाळायला कोणी नाही, कुणाला काही उमगतच नाही, आणि कुणाला ती मानहानी नको असते. ते वाचताना मला उत्तर कसबा दिसत होता. पाच दिवस असोत की नव्वद, लाज वाटणारा माणूस घरात बसून राहतो, आणि त्याच्या गैरहजेरीत निकाल लागतो. आपल्याकडचा कायदा त्या मानाने किती सबुरीचा आहे, आणि ती सबुरी आपल्या माणसांपर्यंत पोचतच नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

फेब्रुवारीच्या शेवटी पैसे भरले. अर्ज दिला, परवानगी झाली, चलन झालं. मुलगा पैसे काढून आला होता, पण आत्याने स्वतःचे तीन हजार त्यात घातलेच. भाकरीच्या पैशांच्या, घड्या पडलेल्या पन्नास-शंभरच्या नोटा, रुमालात बांधलेल्या. कारकुनाने त्या सरळ करत करत मोजल्या. मागे रांग होती, तरी त्याने घाई केली नाही. पावती हातात आल्यावर आत्याने ती वाचली, रकमेवर बोट ठेवून वाचली, आणि मला म्हणाली, "आता मालकीणबाईंना तोंड दाखवता येईल." न्यायाधीशांसमोर पुर्सिस, म्हणजे पैसे भरल्याचं लेखी निवेदन, दाखल झाली, पुढची तारीख पडली. कोर्टात एवढंच घडलं. पुकारा झाला तेव्हा आत्या उभी राहिली, हात जोडले, आणि दोन मिनिटांत आम्ही बाहेर होतो.

दावा लोकअदालतीत ठेवावा, असं दोन्ही वकिलांनी सुचवलं. थकबाकीचा मुद्दा आता उरलेला नाही हे मालकांच्या वकिलांना दिसत होतं. आणि उद्या मालकांना स्वतःला खरोखर जागेची गरज आहे म्हणून नवा दावा येऊ शकतो, हे आमच्या वकीलबाईंना. लोकअदालतीत तडजोड झाली तर तो निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो, त्यावर अपील नाही, आणि वादीला कोर्ट फी परत मिळते. टेबलाच्या पलीकडे पॅनेल, अलीकडे दोन खुर्च्यांवर मालकांचा मुलगा आणि आत्याचा मुलगा. दोघे एका शाळेत होते. सुरुवातीला ते एकमेकांकडे न बघता पॅनेलकडे बघून बोलत होते. मालकीणबाई मागे बाकावर बसल्या होत्या. त्या मध्येच उठल्या, आत्याच्या शेजारी येऊन बसल्या आणि कानडीत बोलू लागल्या. त्यांच्या घरची भाषा कानडी. नळावर इतकी वर्षं काढून आत्यालाही ती येते. 'अक्का' एवढा शब्द मला पुन्हापुन्हा ऐकू आला. मुलगे बोलायचे थांबले. पॅनेलवरच्या वकिलांनाही कानडी येत असावी, कारण त्यांनी पेन खाली ठेवलं आणि दोघींना बोलू दिलं.

नंतर आत्याने सांगितलं. मालकीणबाईंना वाटत होतं की मुलगा पुण्यात स्थिरावला, आता आत्या खोली अडवून ठेवून तिथे जाणार, म्हणून भाडं देत नाही आणि बोलतही नाही. आत्याला वाटत होतं की मालक आपल्याला पाहून तोंड फिरवतात. दोघींनी दोन वर्षं एकमेकींचं मौन चुकीचं वाचलं होतं, आणि त्याचा अर्थ लावायचं काम अखेर कोर्टावर येऊन पडलं.

तडजोड अशी झाली. इतकी वर्षं न घेतलेली चार टक्क्यांची वाढ धरून भाडं नव्याने ठरलं. पावसाळ्याआधी माळवदाचं काम मालक करतील. भाडं दर महिन्याला बँकेतून जाईल आणि पावती आत्याच्या नावाने मिळेल. हा शेवटचा मुद्दा आमच्या वकीलबाईंनी लावून धरला. तोवर पावत्या आतोबांच्याच नावाने फाटत होत्या. भाडेकरू गेला तर त्याच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणाऱ्या घरच्या माणसाला भाडेहक्क मिळतो, पण तो कागदावर आला नाही तर पुढच्या पिढीला पुन्हा सिद्ध करत बसावं लागतं. पैसे घेतले की पावती देणं हे मालकावर कायद्याने बंधनकारक आहे, हेही पुष्कळ भाडेकरूंना ठाऊक नसतं. पावती मागणं त्यांना अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं.

या शहराला भाड्याच्या खोलीचं महत्त्व कुणी समजावून सांगायची गरज नाही. जुन्या मिलपासून यंत्रमागांपर्यंत इथल्या कामगारांच्या पिढ्या एका खोलीत वाढल्या. विडी कामगार बायकांनी वर्षानुवर्षं लढून कुंभारीला घरं मिळवली. कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत २००६ मध्ये उभी राहिली, आणि जानेवारी २०२४ मध्ये शेजारच्या रे नगरमधल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. आत्याच्या ओळखीच्या कितीजणी तिकडे गेल्या. आत्या विडी वळत नव्हती, तिला ते दार नव्हतं. तिच्यासारख्यांचं घर म्हणजे एक भाडेपावती.

आणि आज जुळे सोलापुरात, होटगी रोडला अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या तरुण कुटुंबांकडे तर एवढंही नाही. लिव्ह अँड लायसन्सच्या करारात हे नव्वद दिवसांचं संरक्षण मिळत नाही. मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. त्यांनी आपला करार नोंदवलेला आहे का, त्यात काय लिहिलंय, हे सही करतानाच वाचावं.

मला हे लिहायचं होतं ते ज्यांच्या घरात एखादी एकटी आत्या, मावशी, काकू भाड्याच्या खोलीत राहते त्यांच्यासाठी. पुढच्या वेळी गेलात की तिला विचारा, भाडं भरलंय का, पावती मिळाली का, एखादं वकिलाचं पाकीट आलंय का. ती आधी नाही म्हणेल. पुन्हा विचारा. पाकीट असेल तर ते कोणत्या तारखेला मिळालं हे आधी बघा, त्यापुढचे नव्वद दिवस मोजा, आणि त्याच दिवशी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. जाता येत नसेल तर १५१०० या क्रमांकावर फोन करा. वकील फुकट मिळेल. गेलेले दिवस मात्र कोणतंही कोर्ट परत देत नाही.